अर्धा पत्ता

एकतीस वर्षं मी या गावात पत्रं वाटली,
आधी सायकलवरून, गुडघे गेल्यावर स्कूटरवरून.
दर तिसऱ्या दारावर कोलंबो.
गिरणीमागच्या इमारतीत घंटेची अकरा बटणं,
त्यातली सात कोलंबो.
हाताखाली नवा पोरगा आला की पहिल्याच दिवशी रडकुंडीला यायचा.
मी त्याला टोपणनावं शिकवायचे:
गाढववाले कोलंबो, घंटा बडवणारे कोलंबो,
उधारीवाले (हे तोंडावर म्हणायचं नाही),
आणि आम्ही चष्मेवाले,
कारण पणजोबांनी विहिरीत चष्मा पाडला
आणि काढायला स्वतः उतरले. चष्म्याशिवाय.

कोलंबो म्हणजे पारवा.
आमच्यात कुणी पारवे पाळले नाहीत.
मिलानच्या मोठ्या इस्पितळाच्या शिक्क्यावर तो पक्षी होता
आणि भिंतीत एक लाकडी, फिरतं कपाट.
रात्री बाहेरून कुणीतरी त्यात मूल ठेवायचं,
कपाट फिरवायचं, दोरी ओढायचं,
आणि घंटा थांबायच्या आत गल्लीच्या टोकाला पोचलेलं असायचं.
आत वहीत नोंद व्हायची:
मुलगी. चार दिवसांची असावी.
तागाचं फडकं, निळी किनार. बाहेर धुकं.
आडनावाच्या रकान्याशी कारकून अडून बसत नसे.
शिक्का समोरच होता.

मग गाडीत घालून खेड्यांकडे,
महिन्याच्या पैशांवर अंगावर पाजणाऱ्या बायांकडे.
ब्रियान्झाच्या माळ्यांवर रेशमाचे किडे तुतीचा पाला खायचे,
त्या सरसरीत पोरं झोपायला शिकली.
काही गेली. बरीच गेली.
उरली त्यांनी सूत कातलं, लग्नं केली,
पारव्यानं पारवीशी,
आणि पाद्र्यानं वंशावळ मागितली नाही.
गावात मावले नाहीत ते जेनोव्हाहून बोटीत बसले,
रोसारियोत पाव भाजले, साओ पावलोत कॉफी खुडली.
एक जण, म्हणे, लंकेतल्या कोलंबोला उतरला;
कस्टमवाला म्हणाला, गावाचं नाही, तुझं नाव लिही.

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या मार्चमध्ये
रोसारियोहून पाकीट आलं.
वर नुसतं: कोलंबो कुटुंब, आणि गावाचं नाव.
नियमानं परत पाठवायचं.
मी उघडलं. मीही कोलंबोच की.
एर्मेलिंदा नावाच्या बाईचं पत्र, सोबत झेरॉक्स:
खेळातला एक पत्ता, वाकडातिकडा कापलेला,
तिच्या खापरपणजीच्या फडक्यात सापडलेला.
चषकांचा घोडेस्वार.
घोड्याचं ढुंगण, मागचे पाय, स्वाराची पाठ.
पुढचा अर्धा आईनं जवळ ठेवला असेल,
परत येऊन जुळवायला.
तुमच्यापैकी कुणाकडे तोंड आहे का, तिनं विचारलं होतं.
आणि खाली: आपण नातेवाईकच ना?

मी सातही घंटा वाजवल्या.
गाढववाल्यांनी ट्रंक उपसली.
उधारीवाल्यांकडे पत्त्यांचा अख्खा कॅट निघाला,
त्यात तो स्वार धडधाकट, कपात बघत बसलेला.
परतताना चढावर स्कूटर बंद पडली
आणि तिथे, लाथा मारता मारता, कळलं:
कोलंबोंच्या घरात तो असणारच नाही.
आमच्या सगळ्यांकडे मागचेच पाय.
तोंड असलंच तर ज्यांनी कपाट फिरवलं त्यांच्याकडे,
ब्राम्बिल्ला, फुमागाल्ली, पिरोवानो,
ज्यांना मी एकतीस वर्षं
बिलं दिली, नाताळची कार्डं दिली,
आणि ज्यांच्या घराकडे कधी नीट पाहिलं नाही.

रोसारियोला अजून उत्तर लिहिलेलं नाही.
दुसऱ्या दिवशी पिरोवानोंचं विजेचं बिल होतं.
म्हातारी दारात आली. मागे अंधार,
कपाटावर बिस्किटांचा गंजका डबा.
सही हवीय का, तिनं विचारलं.
नको, मी म्हटलं,
आणि तरी उभी राहिले.