हिप्परगा, शनिवार-रविवार

श्रवणनं मोबाइलवर दाखवला होता ट्राऊट.
अंगावर ठिपके, काचेसारखं गार पाणी,
मागं बर्फाचा डोंगर.
मी म्हटलं, आपल्याकडं डोंगर कुठला बे,
तलावाची भिंत आहे, तीच चढू.

मग शनिवारी पाळी सुटल्यावर
दस्तगीरच्या मेहुण्याच्या छोट्या हत्तीत टाकला
भाड्याचा तंबू, दोन चादरी आमच्याच मागावरच्या,
फुलं चुकलेली, म्हणून विकली न गेलेली,
कडक भाकरी, शेंगाची चटणी,
आणि कारखान्यातनं न विचारता आणलेली
एक लाकडी कांडी, तिच्यावर गुंडाळलेली नायलॉनची दोरी.

तंबू उभा राहायला तास गेला.
कागदावरच्या चित्रात एक माणूस हसत होता.
खुंट्या मुरमात शिरेनात,
तेव्हा दस्तगीरनं पंक्चरच्या दुकानातला जॅक
एका कोपऱ्यावर ठेवला, दुसऱ्यावर पाण्याचा कॅन,
तिसऱ्यावर श्रवणला बसवलं.

दस्तगीर म्हणाला मछली. श्रवण म्हणाला फिश.
माझी आई चेपा म्हणायची.
कुठलंच नाव ऐकून कुणी वर आलं नाही.
कणकेच्या गोळ्या तेवढ्या खाल्ल्या
आणि गळ लख्ख करून परत पाठवला.

रात्री दोघं झोपले.
तेवीस वर्षं मी मागांच्या मधोमध उभा आहे,
डाव्या कानात आता फक्त माग आहे,
उजव्यात थोडी जागा.
झोपण्याआधी दस्तगीर कानाशी येऊन ओरडला होता,
बदकं काय कालवा करतायत, ऐक लका.
मला ती चांदण्यात दिसत होती.
चोच उघडत होती, मिटत होती.
आवाज मी माझ्याकडचा घातला:
खटक, खटक, खटक.

पहाटे बोटाला कळलं.
दोरी मी तर्जनीवर ठेवली होती, सवयीनं.
सूत तुटायच्या आधी एक श्वास घेतं,
तसं काहीतरी.
मग ओढ. मग मोठी ओढ,
आणि दगडावर घासून दोरी तुटली.

टोक पाण्याकडं पळत होतं, त्याच्यावर पाय दिला.
गुडघाभर पाण्यात, अंधारात
दोन्ही टोकं धरून गाठ मारली,
आपली रोजची, डोळे मिटून बसणारी,
कुणी शिकवली विचाराल तर सांगता येणार नाही.
नायलॉन सुतासारखं नसतं, निसटतं.
धरलं.

चिलापी. तळहाताहून बोटभर मोठी.
श्रवण चादरीतनं तोंड काढून म्हणाला,
मामा, हाच का ट्राऊट?
होय की, म्हटलं, सोलापूरचा.

तीन माणसांत एक मासा.
दस्तगीरनं मीठ-तिखट लावून तव्यावर टाकला,
खायला घेतला तोवर ऊन वर आलं होतं.
डोकं कुणी घेईना.
आई असती तर तिनं मागून घेतलं असतं.
मी घेतलं.

सोमवारी अकरा नंबरच्या मागावर ताणा तुटला.
गाठ मारली.
बोट मात्र काढलं नाही,
पलीकडनं कुणी ओढतंय का बघत
तसाच उभा राहिलो.
मुकादम समोर येऊन काहीतरी सांगत होता.
तोंड उघडत होतं, मिटत होतं.