एक हजार चारशे बासष्ट

चोडणच्या कूळ संघाच्या कचेरीतला कॉम्प्युटर
कुणाच्या तरी मुलीने लग्न होऊन जाताना मागे ठेवलेला,
शिवणयंत्रासारखा.
त्यातल्या एक्सेलला २००३ नंतरचं जग माहीत नाही
आणि मीही ते त्याच्या कानावर घातलेलं नाही.

पणजीच्या ऑडिटर एर्मेलिंदाबाई मास्कारेन्हस.
त्यांचं यंत्र रुपेरी, पातळ, पापडासारखं.
त्यांची फाइल आमच्याकडे उघडतच नाही.
आमची त्यांच्याकडे उघडते,
पण परत येते तेव्हा हवापालट झालेली असते.

एकदा बाईंनी फोनवरून वाचून दाखवलं:
"जुन्या आवृत्तीत जतन करताना काही गोष्टी हरवतील,
असं म्हणतंय हे. पुढे जाऊ?"
"काय हरवेल?"
"ते नाही सांगत."
"जावा पुढे," मी म्हटलं.

बांधदुरुस्तीच्या रांगांना बाईंनी हौसेने
हळदीचा रंग दिला होता म्हणे,
माझ्याकडे तो लिंबाचा होऊन उतरला.
आणि कुळांच्या यादीखाली, जिथे बेरीज हवी,
तिथे नुसतं: नेम?
जसा पंचायतीचा शिपाई उंबऱ्यावर उभा राहून विचारतो.

हे सगळं चालवून घेतलं.

मग फेब्रुवारीत पत्र आलं.
शेरा क्रमांक सात.
मानशीचा राखणदार इनास याचा मृत्यूदाखला सप्टेंबर २०१९ चा,
शेवटची मजुरी मात्र १ सप्टेंबर २०२३ ला दिलेली दिसते.
खुलासा करावा.

इनास.
गळ्यात क्रूस आणि तोंडात तिथ्या:
आज दशमी, पाणी उशिरा चढेल, तू घरी जा.
रात्री दोनला उठून फळ्या सोडायचा,
खाजनात खारं पाणी शिरू नये म्हणून,
आणि महिनाअखेरीला मजुरीपुढे सही करायचा,
एकेक अक्षर लावत, चिखलातून चालल्यासारखी.
तो मेल्यावर चार वर्षं पगार खातो?
मी जेवलो नाही त्या दिवशी.

म्हापशाच्या दुकानातल्या पोराने हसत सांगितलं,
दोन यंत्रं काळ मोजतात दोन ठिकाणांहून.
एक एकोणीसशेपासून, दुसरं एकोणीसशे चारपासून.
इथलं उचलून तिथे चिकटवलं, की तारखा सरकतात:
चार वर्षं आणि एक दिवस.
"चार वर्षं कळली. हा एक दिवस कसला?"
"एकोणीसशे सालाला एकोणतीस फेब्रुवारी नव्हता, काका.
फार पूर्वी कुणीतरी चुकून धरला.
मागून आलेल्यांना ठाऊक होतं,
पण जुन्या फायली मोडतील म्हणून
तसाच ठेवला."

पेनड्राइव्ह खिशात घालून फेरीबोटीने रायबंदरला उतरलो,
तिथून पणजी.
बाईंच्या शेजारी स्टुलावर बसलो.
त्यांनी तारखांचा रकाना निवडला,
वजा एक हजार चारशे बासष्ट.
पडदा क्षणभर थांबला.
एक सप्टेंबर तेवीसची झाली एकतीस ऑगस्ट एकोणीस
आणि इनास पुन्हा मेला,
वेळेवर, हिशोबात कसलीही खोट न ठेवता.
बाईंनी शेरा सात खोडला. चहा मागवला.
मला तो घशाखाली जाईना.

परतताना फेरीबोटीत कठड्याला टेकून
मी त्या दिवसाचाच विचार करत होतो,
जो उगवला नाही
तरी शंभरावर वर्षं कुणी खोडलेला नाही.
त्या दिवशी भरती किती वाजता असेल?
इनासला विचारलं असतं
तर त्याने बोटांवर मोजून सांगितलंही असतं.

कचेरीत इनासचा रोमान थांबला होता.
मानशीच्या दोन फळ्या कुजल्यात, पैसे हवे होते.
त्याच्या मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टक असतं,
तरी खिडकीतून पाणी बघत उभा होता.
मी नवी रांग घातली. रंग दिला नाही.
"तारीख कुठली लिहू?"
"आजची," तो म्हणाला,
"आणि लवकर लिही, पाणी चढतंय."