शेरा

खलफान बिन मुसल्लम आला तेव्हा
रुस्ताकमध्ये ऑगस्ट होता,
म्हणजे दाराची कडी रुमालाने धरायची.
बाटली त्याने काखेत आणली होती,
तापलेलं पोर दवाखान्यात नेतात तशी.

सम्रचा मध. काळसर, घशाशी धुरकट.
सम्र ही आपल्या बाभळीची चुलतबहीण,
इथल्या खडकांत पाण्यावाचून उभी.
'व्यापारी म्हणतो, भेसळ आहे.'
एवढं बोलून तो थांबला,
जिभेवरचा खडा काढून टेबलावर ठेवावा तसा.

मी फॉर्म भरू लागले. नमुना तीनशे सतरा.
पोळी कशात? खजुराच्या पोकळ खोडांत.
किती? 'माझ्या बापाची चाळीस होती.'
मी चाळीस लिहून खोडलं. आता?
'अकरा.'

यंत्राला कुणाचा बाप ठाऊक नसतो.
ओलावा सोळा पूर्णांक दोन, उत्तम.
मग तो लांबलचक नावाचा पदार्थ,
मध तापला की वाढतो, मुरला की वाढतो,
उष्ण मुलखाला ऐंशीपर्यंत माफ.
याचा ब्याण्णव.
जोव्हेलिनने ओठ चेपले, पुन्हा लावला.
एक्क्याण्णव पूर्णांक सहा.

मी अकलूजकडची, उसाच्या पट्ट्यातली,
मळीच्या वासात दहावी झालेली.
उसाच्या साखरेतला कार्बन किंचित जड असतो
हे कॉलेजात कळलं तेव्हा हसूच आलं होतं:
ऊस कुठेही गेला तरी गाव सांगतोच.
मस्कतहून आकडे आले.
ऊस नव्हता. थेंबभरही नव्हता.

तरी ब्याण्णव.

मग काचपट्टी.
भिंगाखाली सम्रचे पराग
सोळा-सोळा कण एकमेकांना घट्ट बिलगून,
जत्रेत चुकू नये म्हणून हात धरलेली पोरं.
थोडी बोर, तिला इथे सिद्र म्हणतात.
आणि कडेला एकटाच एक,
गोल, गुळगुळीत, तीन खाचांचा.

मी भिंगावरून डोळा काढला, पुन्हा लावला.
शेवगा.

प्रयोगशाळेच्या मागे एसीचं पाणी ठिबकतं तिथे
चार वर्षांपूर्वी मी एक बी खोचलं होतं,
आमटीचा विचार करून, विज्ञानाचा नव्हे.
फुलांवर माश्या येतात हे दिसत होतं.
कुणाच्या, हे कधी मनात आलं नाही.
खलफानची खोडं वादीपलीकडे, दीड किलोमीटरवर.
(वादी म्हणजे कोरडी नदी. आपली वाडी नव्हे.
हे समजायला मला पहिलं वर्ष लागलं.)

पण इथल्या डोंगरात रानशेवगाही आहे,
हे लोक त्याला शूअ म्हणतात,
आणि एका कणावर हात ठेवून
शपथ घेता येत नाही.

'बाटली कुठे होती?' मी विचारलं.
गाडीत. पुढच्या काचेमागे. तीन आठवडे.
व्यापाऱ्याने घेतली नाही,
घरी न्यावी तर शेजारी विचारणार.
रोज तो दुकानाच्या रस्त्याने जायचा
आणि बाटली त्याच्याबरोबर तापायची.

मी लिहिलं: भेसळ आढळली नाही.
उष्णतेने गुणवत्ता खालावली, विक्रीस अयोग्य.
पराग: सम्र, सिद्र,
शेवगावर्गीय एक कण, जात अनिश्चित.

शेवटच्या ओळीवर त्याने बोट ठेवलं.
'हे चांगलं की वाईट?'
एक झाड आहे, म्हटलं, कुठलं ते नक्की नाही.
तो पहिल्या ओळीकडे परत गेला,
ओठ हलवत दोनदा वाचली,
कागदाची घडी छातीच्या खिशात घातली,
आणि जाताना बाटली सीटखाली ठेवून
वर ओलं फडकं टाकलं.
आता.

संध्याकाळी फुलांच्या भाजीसाठी फांदी वाकवली.
वरची फुलं ठेवली.
तसा तिथवर माझा हात पोचतही नव्हता.