अडीच मीटर

तेरा फेब्रुवारी, ड्रेस्डेन.
दुपारपासून मी काठ्या मोजतेय.

परवान्यात लिहिलंय: झेंड्याची काठी
अडीच मीटरहून लांब नको, ढोल नकोत,
टोकदार बूट नकोत.
मी टेप धरते, फोल्कर आकडा लिहितो.
काळ्या कोटातली पोरं रांगेत,
शाळेत उवा तपासताना उभी राहतात तशी निमूट.
त्यांच्या फलकावर मेलेल्यांचा आकडा आहे.
तो वर्षागणिक फुगतो.
त्याला टेप लावायचा अधिकार मला नाही.

पलीकडे दुसरे. शिट्ट्या, पातेली, डाव.
त्यातला एक माझ्या वर्गातला.
"कुणाची राखण करतेयस गं, वीब्के?"
हेल्मेटच्या काचेआडून बोलायला गेलं
की नुसती वाफ धरते.

मधे आम्ही, आणि चाळीस पावलं रिकामा रस्ता:
ट्रामचे रूळ, बर्फाचा चिखल,
कुणाचा तरी एक हातमोजा.
आज बंदोबस्त आहे तो ह्या रिकाम्या जागेचा.

साडेनऊला फ्राउ एडेलट्राउट आल्या.
नव्वदीच्या घरात, चाकाचा वॉकर, टोपलीत मेणबत्ती.
"त्या कोपऱ्यावर आमचं तळघर होतं.
लोरे तिथंच राहिली. चार वर्षांची."
दोन्हीकडची गर्दी त्यांच्याच लोरेसाठी ओरडत होती
आणि त्यांनाच वाट नव्हती.

बाई, रस्ता बंद आहे, मी म्हटलं.
"मग तू ने," त्या म्हणाल्या,
आणि सांडशीसारख्या बोटांनी
मेणबत्ती माझ्या हातमोज्यात खुपसली.

पावणेदहाला साऱ्या शहरातल्या घंटा वाजू लागल्या.
मी चालले. एका हातात ढाल,
दुसऱ्यात ज्योत. वारा आला
तेव्हा ढाल आडवी धरली.
आयुष्यात पहिल्यांदा तिच्याआड
राखण्याजोगं काहीतरी होतं, असं वाटलं;
मग लगेच वाटलं, हे कुणाला बोलू नये.

शिट्ट्या थांबल्या का? नाही.
थोड्या कमी झाल्या असतील. घंटांमुळे ऐकू आलं नाही.

सकाळी दोन तक्रारी आल्या.
एक म्हणे, पोलिसांनी त्यांची बाजू घेतली.
दुसरी म्हणे, त्यांची.
साहेबांनी फॉर्म पुढे सरकवला:
वाहून नेलेल्या वस्तूचे वर्णन, लांबी.

लिहिलं: मेणबत्ती, पांढरी.
निघताना नऊ सेंटिमीटर.
पोचल्यावर मोजली नाही.