आठ मिलिमीटर

तापकीर गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात
इलियास बागवाननं कॅबिनेटचं कुशीवरचं झाकण काढलं
आणि फुंकर मारली नाही, नुसता बघत राहिला.
आत बारा वर्षांची धूळ, थराथरांची.
सगळ्यात खाली धनकवडीच्या कॉट बेसिसची,
वर सिंहगड रोडच्या उड्डाणपुलाच्या कामाची,
मधे कुठंतरी एका मांजराचे केस. ते मांजर आता नाही.

“कार्ड टाकून देतो,” तो म्हणाला,
“पण खरं सांगू? प्रोसेसर म्हातारा झालाय.
नवं कार्ड ताट घेऊन बसून राहील,
ह्याच्याच्यानं तेवढ्या पोळ्या लाटून व्हायच्या नाहीत.
बोर्ड बदला, रॅम बदला, पॉवर सप्लाय तर बदलाच.”
मग उरलं काय, विचारलं मी.
“कॅबिनेट.” जरा थांबून, “तेही नको.”

पावतीच्या पाठीमागे त्यानं दोन आकडे लिहिले,
अठरा हजार, पंच्याऐंशी हजार,
मधे उभी रेघ.
ती रेघ घेऊन घरी निघालो, स्कूटरवर, पायांत कॅबिनेट.
दांडेकर पुलाच्या सिग्नलला एका पोरानं विचारलं,
काका, टीव्ही का?

भोसरीत आमच्या शॉपमध्ये एक लेथ मशीन आहे,
माझ्याहून दोन वर्षांनी मोठं.
चक बदललं, मोटर दोनदा, गिअर किती वेळा
ते लिहून ठेवणाराही रिटायर झाला.
कुदळे म्हणतात, बेड सरळ आहे तोवर मशीन तेच.
रात्री मी विचारत बसलो, ह्याचा बेड कुठला?
बोर्ड?
की ती डिस्क, जिच्यात
निनादनं अर्धवट सोडलेला डाव आहे,
नदीच्या अलीकडे, घोडा झाडाला बांधून.
तो डुसेलडॉर्फला गेला त्या रात्रीपासून
कुणी घोडा सोडलेला नाही.

शेवटी कार्डच घेतलं. वापरलेलं.
खोक्यावर कुणाच्या तरी घरचा पत्ता, खोडलेला.

आणि ते बसेना.
व्हर्नियर लावला. कार्ड दोनशे सदुसष्ट,
जागा दोनशे एकोणसाठ.
दोन शतांशासाठी लोकांचे पार्ट परत पाठवणारा मी
आठ मिलिमीटरसमोर
फरशीवर मांडी घालून बसलो होतो.
मृण्मयी दारात. “मग नवाच घ्यायचा ना.”
आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

रविवारी डिस्कचा पिंजरा हॅक्सॉनं कापला,
कानशीनं कड मारली.
हे काम मात्र मला येतं.

सुरू केलं. पंखा दोनदा खाकरला
आणि पाणी दिसलं.
नदीत आभाळ होतं. आधी नुसता निळा रंग असायचा.
गवताचं पातं न् पातं सुटं झालं,
आणि निनादच्या त्या स्वाराच्या भुवईवर एक व्रण.
नऊ वर्षं तो तिथंच होता,
आमच्याकडे दिसायची सोय नव्हती.

घोड्याजवळ गेलो. दोरीला हात लावणार
तेवढ्यात चित्र अडकलं.
पिठाच्या हातांनी प्रोसेसर धावत आला,
शंभर टक्के, ब्याण्णव डिग्री,
चाललं, पुन्हा अडकलं.
इलियास खोटं बोलला नव्हता.

आमच्याकडे तीन टॅग असतात.
हिरवा पास, लाल भंगार, पिवळा रीवर्क.
सोमवारी एक पिवळा खिशात घालून आणला,
तारेनं मागच्या स्क्रूला बांधला.
दोष: प्रोसेसर मागे पडतो.
निर्णय: दिवाळीचा बोनस बघून.
खाली सही केली, तारीख टाकायची राहिली.

कापलेला पत्रा ड्रॉवरमध्ये आहे.
मृण्मयी विचारते, फेकू का?
राहू दे म्हणतो.
मोजला तर तो नऊ भरतो.
एक मिलिमीटर जास्तीचाच गेलाय.