चवीपुरतं

रक्तदान शिबिर क्लासच्याच हॉलमध्ये,
मालकांचा वाढदिवस.
बाकं भिंतीला सरकवलेली, फळ्यावर
कालचं माझं अर्धवट पुसलेलं समीकरण.
तहसीन सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला,
फुगा दाबला, हवा सोडली.
परत दाबला.
"मॅडम, जिने चढून आलात का आत्ता?"
नाही, म्हटलं. अर्धा तास बसूनच आहे.
"वय?"
अठ्ठावीस.
तिनं आकडा कागदावर लिहिला, तोंडानं सांगितला नाही.
"आज तुमचं रक्त नको."

मागं रांगेत रिपीटर बॅचची पोरं.
एक हळूच म्हणाला, मॅडम, नापास?
मी हसले.
कानामागं कुणीतरी दार वाजवत होतं.

एकशे अठ्ठेचाळीसवर शहाण्णव.

रोज सहा तास मी दाबच शिकवते:
जागा कमी केली की वाढतो,
तापमान चढलं की वाढतो.
लातूरचा मे, पत्र्याखालची दहा बाय दहाची खोली,
रात्री दीडपर्यंत तपासायचे पेपर,
आणि निकाल तोंडावर.
उदाहरण म्हणून स्वतःला
मी कधी सोडवलंच नव्हतं.

उदगीरहून माय फोनवर:
"कुणाला बोलू नकोस बाई.
रविवारी देवणीचं स्थळ यायलंय.
तुझ्या बापाला पन्नाशीत लागलं हे,
तुला आत्ताच कसं गं?"
मग जरा थांबून,
"लोणचं पाठवलंय एस्टीनं. बरणी सरळ धर."

भातांब्रे डॉक्टरांनी तीन वेगळ्या दिवशी मोजलं,
किडनी, थायरॉईड, सगळं तपासायला लावलं,
मग म्हणाले, तीन महिने बघू.
मीठ, झोप, चालणं.
नाही उतरलं तर गोळी. आणि गोळी म्हणजे हार नव्हे.
मी वहीत उतरवून घेतलं: हार नव्हे.
खाली दोन रेघा, सवयीनं.

सोडियम क्लोराईड.
एक इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो, दोघंही सुखी,
असं सांगून पाच वर्षं पगार घेतला.
आता ते जिथं तिथं सापडायला लागलं:
बरणीत, पापडात, स्टाफरूममधल्या फरसाणात,
मेसच्या आमटीत तर ओंजळीनं.
कालिंदाबाईंना म्हटलं, माझ्यापुरतं कमी टाका.
"चाळीस डब्यात तुमचं एकटीचं मीठ कसं वेचू?"
तिसऱ्या दिवशी माझ्या डब्याच्या कडीला
लाल दोरा बांधलेला होता.

पहिला आठवडा, ओला कागद चावल्यासारखं.
दुसऱ्यात एका दुपारी
भाकरी गोड लागली.
मी परत तुकडा मोडला. गोडच होती.
जोंधळ्याला स्वतःचं म्हणणं असतं
आणि आपण आयुष्यभर
त्याच्यावर ठेचा ठेवून बोलत राहतो.

पहाटे साडेपाचला गंजगोलाई.
सोळा रस्ते येऊन टेकतात इथं,
शटरं मिटलेली, गुळाचा वास जागा.
ओढणी कमरेला खोचून मी फेऱ्या मारते.
हमाल बशीतला चहा फुंकत बघतात.
फुलवाली विचारते, काय हरवलंय का बाई?
रोज तेच विचारते.
एकदा म्हटलं, बारा-पंधरा आकडे हरवायचेत.
"मटक्याचे?"
त्या दिवशी दोन फेऱ्या जास्त झाल्या, हसण्यात.

देवणीच्या मुलाला मीच सांगून टाकलं,
सुशीलाची प्लेट पुढं करताना.
मायनं आतून भांडं आपटलं.
तो म्हणाला, घरी विचारून कळवतो.
अजून कळवलेलं नाही.
त्या रात्री मी आठ तास झोपले,
किती दिवसांनी, मोजलं नाही.

नवव्या आठवड्यात एकशे छत्तीसवर अठ्ठ्याऐंशी.
"बरं आहे," डॉक्टर म्हणाले, "पण एवढ्यावर थांबता येत नाही."
गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलंय, पुढची तारीख टाकून.
चिठ्ठी पर्समध्ये आहे,
खडूच्या तुकड्यांसोबत.

काल उदगीरला गेले.
माय चुलीपाशी, आमटीला उकळी,
बाप पाटावर, मुकाट.
कधी नव्हे ते तिनं मला विचारलं,
"मीठ किती टाकू गं?"
चवीपुरतं, म्हटलं.
तिचा हात पातेल्यावर तसाच राहिला.
"कुणाच्या?"