पाणसळ

टिलिंगहास्ट म्हाताऱ्यानं जायच्या आदल्या हिवाळ्यात
आम्हाला तीन पक्षी दिले: एक कोंबडा, दोन तलंगा.
पैशाचं नाव काढू दिलं नाही.
दारात उभा राहून म्हणाला, "वीट मोडू देऊ नका."

ऱ्होड आयलंड रेड. साठ वर्षं एकाच परड्यात
राखलेलं जुनं रक्त, आणि वारशाला एवढा एक शब्द.
बाजूनं पाहिलं तर पक्षी विटेसारखा दिसावा,
लांब, खोल, पाठ जमिनीला समांतर,
छाती अशी की पुढून कोणी तासून काढलीय.
रंग? रंगाचं मागून बघता येतं.

झेफेरिनोला हसू आलं. चाळीस वर्षं त्यानं
या किनाऱ्यावरच्या बंगल्यांची धुराडी रचली;
आधी भिंत, मग गिलावा, हे त्याला कोण शिकवणार?
तळघरातून त्यानं बापाची पाणसळ आणली,
पितळी कडांची, साओ मिगेल बेटावरून बोटीनं आलेली,
आणि तलंगेच्या पाठीवर अलगद धरली.
ती उभी राहिली, का कोण जाणे.
बुडबुडा खांद्याकडे सरकला.
"मागे उतार," तो म्हणाला,
हाताखालच्या पोऱ्याला सांगावं तसं.

उताराच्या तलंगेला आम्ही शेपूट चढलेला कोंबडा दिला,
एकाचा दोष दुसऱ्यानं खोडावा म्हणून.
त्रेचाळीस पिलं निघाली.
त्यांनी दोन्ही दोष वाटून घेतले,
आमच्या मुलींनी घेतले तसे:
थोरलीला त्याचा राग, धाकटीला माझे गुडघे.

उरलेले एकेक रविवारी रस्स्यात गेले,
लसूण, वाइन, लाल मिरचीचं वाटण.
मान मी धरते. तो तेव्हा
कुंपणाचे दगड नीट लावत असतो.
नावं आम्ही ठेवत नाही. नाव ठेवलं की सुरी जड होते.
पायात कडी, कडीवर आकडा.

पाचव्या वर्षी एकतीस नंबर.
बुडबुडा दोन रेघांच्या मधे येऊन बसला
आणि तिच्या श्वासाबरोबर तिथल्या तिथे थरथरत राहिला.
झेफेरिनो काही बोलला नाही.
त्या रात्री त्यानं दोनदा उठून खुराड्याची कडी पाहिली.

जानेवारीत प्रदर्शन. शाळेच्या जिममध्ये
लाकडी भुसा, कॉफी, तीनशे कोंबड्यांचं आरवणं.
कपडे धुवायच्या टबात एकतीसला न्हाऊ घातलेलं,
माझ्या केसांच्या ड्रायरनं सुकवलेलं.
परीक्षकीण आली, मिसेस थर्स्टन, हात पुरुषासारखे रुंद.
पंख उलगडला, छातीचं हाड चाचपलं,
पाठीवरून तळवा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.
मी बोटं मोडत होते.
दुसरा नंबर. कार्डावर पेन्सिलीनं: लांबीला नखभर कमी.

घरी येताना तो गप्प. मला वाटलं, लागलं त्याला.
पूल ओलांडल्यावर म्हणाला,
"वेस्टपोर्टच्या फरताडोकडे एक कोंबडा आहे.
बेढब आहे. पण लांब आहे."
गाडीतून पिंजरा काढायला वाकला तो
आणि वाकलेलाच राहिला क्षणभर.
दिव्यात मी त्याला बाजूनं पाहिलं.
मानेपासून कमरेपर्यंत एकही सरळ रेघ नाही.
पिंजऱ्याचं दुसरं टोक मी उचललं. त्यानं उचलू दिलं.
पूर्वी देत नसे.

एप्रिलमध्ये एकतीस खुडूक झाली.
फरताडोच्या कोंबड्याची अकरा अंडी तिच्याखाली.
आता ती वीटबीट काही दिसत नाही;
भिजवून झाकून ठेवलेल्या कणकेसारखी
सगळीकडून सैल, पसरलेली,
हात घातला तर चोचीनं रक्त काढते.
तो पालथ्या बादलीवर बसून तिला बघतो,
मफलर घरात विसरून.

"किती दिवस झाले?"
"नऊ."
"एक अंडं बाहेर आलंय बघ."

तो रागातल्या त्या पंखांखाली हात घालतो,
अंडं आत सरकवतो,
आणि हात तिथेच ठेवतो. ऊब आहे, म्हणतो.